गोजराबाईची अट

माझी थोरली जाऊ गोजराबाई हिच्याविषयी लिहायचं तर आधी माझीच एक चूक सांगावी लागते. ती झाकून पुढे जाता येत नाही. झाकाझाकीचं काय होतं ते आमच्या घराने पुरेपूर बघितलं आहे.

आम्ही पंचवटीतले. घरात दोन भाऊ. थोरले सहादू, ज्यांना मी दादा म्हणायचे, आणि धाकटा भारत, माझा नवरा. मखमलाबादच्या अंगाला दोघांचं मिळून फुलांचं वावर होतं. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा गुलाब. सकाळी तोड, मग फुलबाजार. जावेला मी बाई म्हणते, कारण लग्न करून आले तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि घरात मोठी तीच होती. बुटकी, सावळी, आवाज बारीक. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं ही काही बोलणारी बाई नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

दादांचा खरा मान मात्र फुलबाजारात नव्हता, रहाडीवर होता. नाशिकबाहेरच्या माणसाला रहाड म्हणजे काय ते सांगावं लागतं. चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की उघडायचा, धुवायचा, पाण्याने भरायचा आणि फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतायचा. पूजा झाली की माणसं त्यात धप्पा मारतात, म्हणजे अशी उडी की कडेला उभ्या असलेल्या एकाचेही कपडे वाचू नयेत. मोठ्या नावाच्या रहाडींत आमची कुणी मोजत नाही. ती आमच्या चौकापुरती. पण तिचा रंग लालाकडे झुकणारा केशरी, आणि एकदा अंगाला बसला की आठवडाभर साबणाला दाद देत नसे. तो रंग शिजवायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे दादांकडे. सासऱ्यांनी त्यांना शिकवला होता, त्यांनी कुणाला शिकवला नव्हता.

दोन दिवस कढईपाशी ते राजासारखे बसायचे. पळसाची फुलं पेठकडच्या बायका आणून द्यायच्या, झेंडू घरचा. निवडायला, पाणी भरायला, जाळ सारायला बाई. पण शेवटी त्यात काय पडतं, किती आणि कधी, हे एकट्या दादांना ठाऊक. त्या वेळेला ते बाईलाही म्हणायचे, "जा, च्या करून आण." बाई जायची. वीस वर्षं ती अशी नेमक्या वेळी चहा करायला गेली.

रंग झाला का नाही हे बघायची त्यांची एक रीत होती. पांढऱ्या सुती धोतराची पट्टी कढईत बुडवायची, वाळवायची, मग स्वच्छ पाण्यात खळबळायची. पाणी निवळ राहिलं तर रंग बसला. दर वर्षीची पट्टी माळ्यावरच्या खिळ्याला बांधलेली असे. मला तो सगळा पसारा वाटायचा.

आता माझी चूक. १९९६ ची रंगपंचमी. तीन दिवसांनी दादा मोरीतून बाहेर आले आणि भारतला हळूच म्हणाले, लघवी लाल होते. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. थोरल्या दिराच्या असल्या गोष्टीवर भावजयीने तोंड उघडायचं नसतं, पण माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं. मी म्हणाले, "दादांना रहाड लागली. धप्पा मारताना तोंड उघडं ठेवलं असणार."

भारत हसला, दादा हसले, बाईसुद्धा हसली. संध्याकाळपर्यंत चौकात झालं. सहादूच्या पोटात रहाड गेली. दोन-चार दिवसांत लघवी आपोआप साफ झाली, तेव्हा तर माझं म्हणणं खरंच ठरलं. रंग होता, उतरला. पुढे चौकात तो शब्दच पडला. कुणाला काही झालं की "रहाड लागली का रे?" आपण एक शब्द काढला आणि तो चालला, याचं मला तेव्हा कौतुक वाटत होतं. आज तो शब्द कुणी उच्चारला तर मी उठून जाते.

९७ च्या रंगपंचमीला पुन्हा तेच झालं. पुन्हा आम्ही हसलो. मधल्या वर्षात दोन-तीनदा झालं होतं ते दादांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. दुखत नव्हतं, म्हणून. या वेळी मात्र ते थांबेना. दोन महिने झाले, वैशाख लागला, तेव्हा रहाडीचं नाव घेणं बंद झालं आणि सगळे म्हणू लागले, उन्हाळी लागली. वावरात उन्हात फिरता, उष्णता झाली. मग वैद्याच्या सांगण्यावरून धन्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं सरबत. मी स्वतः तांब्या भरभरून दिले आहेत.

बाई हे सगळं मुकाट्याने करत होती. एके दुपारी मी गच्चीवर वाळवण उलटायला गेले तर तिने दोन चिंध्या उन्हात दगडाखाली दाबून ठेवलेल्या. एक होती त्या वर्षीच्या रहाडीची पट्टी, खिळ्यावरून सोडलेली. दुसरी दादांच्या धोतराची, सकाळीच डाग पडलेली. ती स्वतः सावलीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दोन्हींकडे बघत.

"काय करताय बाई?"

"बघतेय," ती म्हणाली. "तू बस."

उन्हं कलेपर्यंत आम्ही बसलो. रहाडीची पट्टी उन्हाने फिकटली, पिवळट झाली. दुसरी काळवंडली. कातासारखी तपकिरी झाली आणि कडक पडली. बाईने ती बोटांत धरून वाकवली.

"रंग उन्हात फिका होतो छाया. काळा नाय पडत," ती म्हणाली. "हे रक्त हाय."

एवढं बोलून ती खाली गेली आणि भारतसमोर दोन्ही चिंध्या ठेवल्या. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. चौकातल्या शहाण्यांना, वैद्याला आणि मला जे सव्वा वर्षात दिसलं नाही, ते तिने दुपारच्या उन्हाकडून काढून घेतलं. ती दुपार मी कुणालाही सांगते तेव्हा माझी मान ताठ होते. अर्थात सव्वा वर्ष उशिरा, हेही तेव्हाच मनात येतं.

नाशिकरोडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, खरवडून तुकडा तपासायला पाठवला, मग स्कॅनचा मोठा फोटो काढला. कॅन्सर. लघवीच्या पिशवीची भिंत ओलांडून बाहेर पडलेला, गाठींपर्यंत गेलेला. डॉक्टर भारतला बाजूला घेऊन म्हणाले, "पिशवी काढून टाकायची वेळ गेली आहे. आता त्रास कमी ठेवू आणि दिवस वाढवू."

भारत घरी आला तो ठरवूनच. दादाला सांगायचं नाही. मुतखडा आहे, मोठा आहे, सलाईनने विरघळवायचा आहे, असं सांगायचं. नवऱ्याची बाजू घ्यायची तर त्याचं दादावर जिवापाड प्रेम होतं. बाप लवकर गेला, दादानेच त्याला वाढवला. कळलं तर दादा हाय खाईल, दोन महिन्यांत जाईल, याची त्याला खरोखर भीती होती. मीही हो म्हणाले. बाईने ते वाक्य तोंडात धरून ठेवलं, पण गिळलं नाही, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

मग सगळं घर खोटं बोलायला शिकलं. सलाईनी सुरू झाल्या, केस गेले, तर "खड्याचं औषध गरम असतं." दादांनी विश्वास ठेवला, कारण भारतच्या तोंडून आलेल्या शब्दावर त्यांनी कधी संशय घेतलाच नव्हता. दिवाळीनंतर गुठळ्या अडकून लघवी तुंबायला लागली, तेव्हा कायमची नळी आणि पिशवी आली. बाईने फुलाच्या पोत्याला लावतो तसल्या जाड कापडाचा एक खिसा शिवला, नाडीने मांडीला बांधायचा, म्हणजे पिशवी त्यात बसे आणि धोतराखाली दिसत नसे. नळीतून पाणी मारून गुठळी कशी काढायची ते सिस्टरने तिला एकदाच दाखवलं. दुसऱ्या वेळी सिस्टर नुसती उभी राहिली, हात बाईचे चालत होते.

डॉक्टर विचारायचे, लघवीचा रंग कसा आहे. आम्ही सगळे म्हणायचो, लाल. बाई म्हणायची, "परवा फिका झेंडू होता, काल पळसाच्या दुसऱ्या पाण्यागत, आज पहिल्या पाण्यावर गेलाय." सुरुवातीला डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारून घेतलं की पहिलं पाणी म्हणजे फुलं पहिल्यांदा उकळली की निघणारा गाढ लाल, दुसरं त्याहून फिकं, आणि पुढे केसपेपरवर ते तिचेच शब्द लिहायला लागले. पहिलं पाणी आलं की आम्ही रिक्षा काढायची, डॉक्टरांच्या फोनची वाट बघायची नाही.

त्या दिवसांत ती मला बोलली. एकदाच. पिशवी धुताना मी नाक मुरडलं असेन. तिने मान वर न करता म्हटलं, "तुझी जीभ लय वाईट छाया. त्या दिवशी तू बोलली नसतीस, तर मी कदाचित नीट बघितलं असतं." मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. हसले तर सगळेच. दुपारचं त्यांच्यापाशी तू बसत जा, मला बाजाराला जाता येईल." तेव्हापासून दुपार माझी. दादा जाईपर्यंत एक दुपार चुकवली नाही. ती क्षमा होती का शिक्षा, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पौषात चौकाच्या मंडळाचे गोटीरामनाना घरी आले. पंच्याहत्तरीचे, रहाडीचे सगळ्यांत जुने मानकरी. दोन महिन्यांवर रंगपंचमी, म्हणून दादांची तब्येत बघायला. दादा भिंतीला टेकून बसले होते, वाळून निम्मे झालेले.

"औंदा माझ्याच्याने नाय होणार नाना," दादा म्हणाले. "बाजारचा रंग टाका एक साल. पुढच्या वर्षापास्नं मी हायच. खडा जाऊ द्या एकदाचा."

नाना म्हणाले, बरं. भारत म्हणाला, बरं. बाई दारात उभी होती, तिच्या हातातलं चहाचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी बसने नाशिकरोडला गेली. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर एकटी बसली आणि विचारलं, "पुढल्या रंगपंचमीला असतील?" डॉक्टर म्हणाले, या वर्षीची बघतील. पुढच्या वर्षीचं मी सांगणार नाही.

घरी आल्यावर तिने भारतला सांगितलं, "उद्या मी त्यांना सांगणार."

भारत कधी नव्हे तो वहिनीवर चढला. "तुम्हाला रंगाची पडलीय का दादाची?"

"त्यांना रंगाची पडलीय," बाई म्हणाली. "बापाने दिलेला रंग त्यांना कुणाला तरी द्यायचाय. त्यांना वाटतंय लय वर्षं हायेत. आपण खोटं बोलतोय म्हणून वाटतंय. भाऊजी, तुम्ही त्यांचं मरण लपवत नाय, शेवटचं साल लपवताय."

भारत उठून निघून गेला. मी कुणाच्या बाजूने होते? खरं सांगायचं तर नवऱ्याच्या. मला भीती वाटत होती, आणि मला ती भीती प्रेमच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा, बाई आणि मी ओसरीवर झेंडू निवडत होतो. दादांना तेवढं जमायचं. बाईने हातातलं फूल टोपलीत टाकलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्हाला खडा नाय. कॅन्सर हाय. पिशवीचा. बाहेर पसरलाय. बरा व्हायचा नाय."

दादा निवडत राहिले. चार-पाच फुलं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाकोणाला ठाऊक हाय?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला पण?"

मी मान हलवली. मला वाटलं ते विचारतील किती दिवस, किंवा रडतील. त्यांनी टोपली पायाने सरकवून दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. भारतने माझ्याकडे असं बघितलं की बघ, मी सांगत होतो. बाई पिशवी रिकामी करत होती, पाणी मारत होती, भाकरी कुस्करून पुढे ठेवत होती. ते खात होते, बोलत नव्हते. बाईच्या जागी मी असते तर दुसऱ्या तासाला पाय धरून म्हटलं असतं, चुकलं माझं. ती तसं म्हणाली नाही, कारण तिचं चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाले, "माळ्यावर पळसाचं पोतं हाय ना, गेल्या सालचं?"

"हाय."

"लहान पातेलं काढ. आणि आज च्या करायला जाऊ नको."

मी स्वयंपाकघरात होते. मी ऐकलं आणि चहाचं आधण चुलीवरून उतरवून ठेवलं.

दीड महिना आमच्या अंगणात पातेलं चढत होतं. पहिले चार रंग दादांनी ओतून द्यायला लावले. आजारी माणूस, आवाज फुटत नाही, पण शिव्या ठणठणीत. "आंधळी हायेस का? कडेचा रंग फिरला, दिसत नाय?" बाई पातेलं घासायची आणि पुन्हा पाणी ठेवायची. वीस वर्षं शेजारी बसून तिला नव्वद टक्के येतच होतं, उरलेल्या दहासाठी तिने शिव्या आनंदाने खाल्ल्या. शेवटी त्यात काय पडतं ते मला आता माहीत आहे. सांगणार नाही, विचारू नये. भारतशीही दादा हळूहळू बोलायला लागले. पहिलं वाक्य होतं, "लाकडं वाळकी आण, गाढवा." भारत अंगणात उभा राहून लहान पोरासारखा डोळे पुसत होता.

९८ च्या रंगपंचमीला दादा चौकात खुर्चीवर बसले. धोतराखाली तो शिवलेला खिसा. कढईपाशी बाई. नाना आणि दोघं-तिघं कुजबुजले, बाईमाणसाचा हात रहाडीच्या कढईला. दादा म्हणाले, "वीस वर्षं तिचाच हाय. मी नुसता पुढं बसायचो." त्या वाक्याने मला जेवढं समाधान दिलं तेवढं त्यांच्या सगळ्या चांगुलपणाने दिलं नसेल. रंग उतरवायची वेळ झाली तेव्हा ते मुद्दाम दुसरीकडे बघत बसले. बाईने आपल्या मनाने कढई उतरवली. संध्याकाळी माणसं दगडाने अंग घासत बसली होती आणि रंग निघत नव्हता.

दादा भाद्रपदात गेले. घरी, बाईच्या मांडीवर, दिवसाउजेडी. शेवटचे आठ दिवस वाईट होते, ते मी लिहीत नाही. पण त्यांना काय होतंय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी प्रत्येकाला बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. मला म्हणाले, "तू दुपारी असायचीस ते बरं वाटायचं." बाईने खोटं चालू दिलं असतं तर हे वाक्य मला मिळालं नसतं. त्यांना बोलायची घाईच नसती.

पुढचं साल, ९९. रंगपंचमीला पंधरा दिवस राहिले तेव्हा नाना पुन्हा आले. या वेळी नारळ घेऊन. तो त्यांनी भारतपुढे धरला. वर्षश्राद्ध व्हायचं आहे, बाई दुःखात आहे, शिवाय विधवा बाईने रंगाला हात लावणं बरं दिसत नाही, मान धाकट्या भावाकडे जावा, असं सगळं ते अदबीनेच म्हणाले.

भारतने नारळ घेतला नाही. "नाना, मला रंग येत नाय," तो म्हणाला. "मी दादाला खोटं सांगत होतो तेव्हा वहिनी शिकत होत्या. मान त्यांचा."

माझ्या नवऱ्याचे गुण मी फारसे मोजत नाही, पण त्या दिवशी त्याच्या ताटात तूप जास्त पडलं.

नानांनी नारळ परत मांडीवर घेतला. बाजारच्या रंगाचा विचारही त्यांनी केला असेल. शेवटी नारळ बाईपुढे सरकवला. बाईनेही तो उचलला नाही.

"करते," ती म्हणाली. "पण एक अट हाय. धप्पे सुरू व्हायच्या आधी माइकवर मला बोलू द्यायचं."

"काय बोलणार?"

"लघवीत लाल दिसलं तर रहाडीचं नाव सांगायचं नाय, डॉक्टरकडं जायचं. एवढंच."

नाना तांबडे झाले. "सणाच्या दिवशी? देवाची पूजा झाल्यावर? बायाबापड्या असतात, लेकीसुना असतात, त्यांच्यासमोर माइकवर लघवी?"

"त्यांच्याच घरात होते ना?"

"दुसरं काय पण माग गोजरा. हे नाय."

"मग दुसरा कोणी बघा," बाई म्हणाली आणि चहा करायला उठली.

नाना चार दिवस अडून बसले. मंडळात दुसरं कुणी एवढं तापलं नव्हतं, तेच तापले होते. चौकाची अब्रू, परंपरा, सगळं काढलं. पण रंग दुसऱ्या कुणाला येत नव्हता. पाचव्या दिवशी नारळ आमच्या ओट्यावर आला.

रंगपंचमीला पूजा झाली, चौक भरला, पोरं कडेला उभी राहिली. मंडळाच्या माणसाने माइक बाईच्या हातात दिला. कोपरापर्यंत केशरी हात, डोक्यावर पदर. बारीक आवाज त्या कर्ण्यातून निघाला तेव्हा पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही कोण बोलतंय.

"मी सहादूची बायको गोजराबाई. आपल्या रहाडीचा रंग अंगाला लागतो, कापडाला लागतो. लघवीत उतरत नाय. कधीच उतरत नाय. माझ्या मालकाला उतरला असं आपण सगळे म्हटलो, मी पण म्हटले, आणि सव्वा वर्ष घालवलं. ज्याला लघवी लाल दिसंल, दुखत असंल नायतर नसंल, एकदा दिसू द्या नायतर दहादा, त्याने लाजायचं नाय, थांबायचं नाय, दवाखान्यात जायचं. झालं माझं. मारा आता धप्पे."

मागे कुठे तरी दोघं खिदळले. मग कुणी तरी पहिला धप्पा मारला आणि सण सुरू झाला. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. माझ्या थट्टेने जे झालं होतं ते सगळ्या चौकासमोर तिने उलटं फिरवलं होतं, आणि त्यात माझं नाव घेतलं नव्हतं. अशी जाऊ मला मिळाली, याचा मला तेव्हा जेवढा गर्व वाटला तेवढा स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा आजवर वाटलेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बाजाराच्या टोपल्या भरत होतो. गोटीरामनाना आले. वहाणा काढून ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले, आणि तांब्या हातातच धरून बसले. मला वाटलं भांडायला आले.

"गोजरा," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला पण रक्त जातंय. दिवाळीपास्नं."

बाईने टोपली माझ्याकडे सरकवली, हात धुतले, पायात चपला घातल्या.

"चला नाना," ती म्हणाली. "डॉक्टरशी मी बोलते."

नानांची गाठ लहान होती, आतल्या अस्तराच्या बाहेर गेलेली नव्हती. दुर्बिणीतून काढून टाकली. पुढे दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागायचं आणि ते बाईलाच सोबत न्यायचे, मुलांना नाही. आठ वर्षं जगले, आणि गेले ते वयाने.

पण हे पुढचं. रिपोर्ट आला त्या दिवशी बाई दवाखान्यातून घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसली. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर.

"म्हणाले, लवकर आलात," बाई म्हणाली.

आमच्या घरात हे शब्द कुणी ऐकले नव्हते. तिने ते पुन्हा एकदा म्हटले, आणि मग पदर तोंडाला लावून, दादा गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने रडली.